कॅम्पर केलेली ४०७ रस्त्यावर सरळ का चालत नाही? दोष कसा शोधायचा, काट्यापासून यू बोल्टपर्यंत

आमची टाटा ४०७ (छोटा ट्रक) कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, करून झाली, आतलं किचन, बेड, टाकी सगळं बसवून झालं आणि पहिल्याच ट्रिपला पुणे-सातारा रोडवर शिरवळच्या आसपास लक्षात आलं की ६० च्या वर गेलं की स्टेअरिंग सतत सावरावं लागतंय. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, नुसती भरकटायची. जरा डावीकडे गेली म्हणून सावरली की उजवीकडे जास्तच जायची, मग परत डावीकडे. शेजारून बस गेली की अख्खी गाडी आधी तिच्याकडे आणि मग लांब ढकलल्यासारखी व्हायची. खंबाटकी उतरेपर्यंत खांदे भरून आले होते.

पुढचे दोन महिने मी जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून हा लेख लिहितोय. टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलले, अलाइनमेंट दोनदा केलं, मागे एकेक पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) वाढवला, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली. शेवटी दुसऱ्या एका पाटेवाल्या मिस्त्रीकडे गेलो, वय साठीच्या पुढचं, त्यांनी गाडीखाली वाकून पण बघितलं नाही, एवढंच विचारलं, "साहेब, पाणी भरून, बायको-पोरांना बसवून काट्यावर नेली का कधी?" नेली नव्हती. तिथून पुढे सगळं उलगडत गेलं.

कॅम्परचं एक लक्षात घ्या. मालाची गाडी कधी भरलेली असते कधी रिकामी, आणि माल साधारण हौद्यात सगळीकडे पसरलेला असतो. कॅम्पर चोवीस तास, बाराही महिने भरलेली असते आणि तिचं वजन जिथे आपण सामान फिट केलं तिथेच कायम असतं. म्हणून मूळ गाडी ठणठणीत असली तरी आपण केलेल्या बदलांनी ती बिघडू शकते, आणि दोष शोधताना सुरुवात पार्ट्सपासून नाही तर वजनापासून करायची. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, मीही केलं.

माझं उदाहरण ४०७ चं आहे म्हणजे पुढे सरळ अ‍ॅक्सल, चारही बाजूला पाटे, मागे जोडचाकं. तुमच्याकडे पाट्यांवरची दुसरी कुठलीही गाडी असेल तरी बरंचसं लागू होईल. पुढे कारसारखं सस्पेन्शन असेल तर किंगपिन (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं) आणि कॅस्टरचा (त्या पिनच्या झुकावाचा) भाग तुमच्यासाठी वेगळा.

आधी तक्रारीला नाव द्या

"गाडी नीट चालत नाही" एवढं मेकॅनिकला सांगितलं तर तो काहीतरी बदलणारच. त्याऐवजी एक १०-१५ किलोमीटरचा ओळखीचा रस्ता ठरवा, ज्यात थोडा सरळ हायवे, एक-दोन वळणं, एक-दोन स्पीडब्रेकर आणि खराब पॅच आहे, आणि प्रत्येक टेस्ट त्याच रस्त्यावर करा. मी गाडी चालवायचो आणि बायको शेजारी वही घेऊन बसायची. मी बोलायचो ते ती लिहायची: किती स्पीडला, कुठे, ब्रेक मारल्यावर की सोडल्यावर, टाकी किती भरलेली, वारं होतं का. चालवणाऱ्याने नंतर आठवून लिहिलेलं आणि त्याच क्षणी लिहिलेलं यात खूप फरक पडतो.

तक्रारी साधारण अशा वेगळ्या करा. भरकटणे म्हणजे दोन्हीकडे फिरत राहते. ओढणे म्हणजे कायम एकाच बाजूला जाते. डुलणे म्हणजे वळणावर किंवा लेन बदलताना वरचं घर एका बाजूला झुकतं आणि परत यायला वेळ लावतं. वॉबल म्हणजे खड्ड्यात आदळल्यावर किंवा ठराविक स्पीडला पुढची चाकं डावी-उजवीकडे जोरात थरथरतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. थरथर स्टेअरिंगमध्ये आली तर पुढे बघायचं, सीटमध्ये आली तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा).

ओढण्याच्या बाबतीत एक काळजी घ्या. आपले रस्ते पाणी जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे प्रत्येक गाडी थोडी डावीकडे जाणारच. डिव्हायडरवाल्या रिकाम्या रस्त्यावर, जिथे उतार जवळपास नाही अशा ठिकाणी खात्री करा. टेस्ट करताना स्टेअरिंग पूर्ण सोडायचं नाही, हात सैल ठेवायचे एवढंच.

वॉबल मात्र नंतर बघू म्हणायची गोष्ट नाही. झाला तर जोरात ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडून स्पीड कमी करा, बाजूला घ्या, आणि किंगपिन, टाय रॉड, व्हील बेअरिंग चेक होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

काटा: हे सोडून पुढे जायचंच नाही

ट्रिपला निघताना असते तशी गाडी भरा. पाण्याची टाकी फुल, डिझेल फुल, गॅस, किराणा, कपडे, टपावरचं सामान, आणि माणसं आपापल्या जागी. वजनकाट्यावर जाऊन काटेवाल्याला आधीच सांगा की एकाच गाडीची पाच वजनं घ्यायची आहेत आणि पैसे त्याप्रमाणे देईन. गर्दीच्या वेळी जाऊ नका, ऊस हंगामात कारखान्याजवळच्या काट्यावर तर नकोच.

पाच वजनं अशी. पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, फक्त मागची, मग फक्त डावी बाजू आणि फक्त उजवी बाजू. डावी-उजवी घेताना दुसऱ्या बाजूची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर पण त्याच लेव्हलला हवीत, उंच प्लॅटफॉर्मचा काटा असेल तर हे जमणार नाही, जमिनीला सपाट असलेला काटा शोधा. पुढचं अधिक मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. मोठे काटे १० किंवा २० किलोच्या टप्प्याने दाखवतात त्यामुळे थोडा फरक चालतो, पण ५०-६० किलोचा फरक आला तर गाडी लेव्हलला नव्हती, परत घ्या.

माझे आकडे असे आले: पूर्ण ४१२०, पुढे १२९०, मागे २८३०, डावीकडे २२३०, उजवीकडे १८९०. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत होतं म्हणून मी खूश झालो, पण मिस्त्रींनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "एकूण सोडा, पुढचं बघा. पुढच्या टायरला रस्ता धरायला काही ठेवलंच नाही तुम्ही." आणि डावी बाजू उजवीपेक्षा ३४० किलोने जड, कारण किचन, फ्रिज आणि बॅटऱ्या सगळं डावीकडे.

पुढचं वजन कुठे गेलं? हे समजून घ्या कारण कॅम्परमधली सर्वात जास्त होणारी चूक हीच आहे. माझी २०० लिटरची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे साधारण एक मीटरवर होती, म्हणजे २०० किलो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) धरा ३.३ मीटर. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे टांगलेलं वजन सी-सॉसारखं काम करतं, मागचं खाली दाबतं आणि पुढचं उचलतं. हिशोब सोपा आहे: पुढच्या अ‍ॅक्सलपासून त्या वजनापर्यंतचं अंतर ४.३ मीटर, त्याला व्हीलबेसने भागा आणि २०० ने गुणा, उत्तर साधारण २६०. म्हणजे २०० किलोच्या टाकीने मागच्या अ‍ॅक्सलवर २६० किलो टाकले आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ६० किलो काढून घेतले. त्यात मागे लटकवलेली स्टेपनी, सायकलस्टँड, मागच्या टोकाला असलेलं बेडखालचं सामान, सगळं तेच करतंय.

प्रत्येक जड वस्तूचा असा हिशोब वहीत मांडा. १८ एमएम प्लायचं ८ बाय ४ चं एक शीट ३० ते ४० किलो भरतं, घरगुती भरलेला सिलेंडर ३० च्या आसपास, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० च्या वर. फर्निचर करताना हे कुणी मोजत नाही.

अ‍ॅक्सलला किती वजन चालतं ते कंपनीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, त्याच्याशी जुळवा. जर तुमचा अ‍ॅक्सल किंवा एकूण वजन मर्यादेबाहेर असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी वजन कमी करा. पाटे वाढवून आरसीवरची मर्यादा वाढत नाही, आणि गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते ती वेगळीच.

टायर: एका दुपारचं काम

हवा गाडी थंड असताना चेक करा, सकाळी निघायच्या आधी, स्वतःच्या गेजने. पंक्चरवाल्याच्या गेजवर दोन वेळा वेगवेगळा आकडा येतो हे मी स्वतः बघितलंय. किती हवा ते आता काट्यावरच्या आकड्यावरून ठरवायचं, टायर कंपनीच्या लोड चार्टमध्ये एका टायरवर किती वजनाला किती हवा ते दिलेलं असतं. साइडवॉलवर लिहिलेला मोठा आकडा हा त्या टायरच्या पूर्ण लोडचा असतो, तुमच्या गाडीचा नाही. माझ्या पुढच्या टायरमध्ये त्यावरच्या वजनाच्या मानाने जास्त हवा होती, टायर नुसता मधल्या पट्ट्यावर चालत होता. हे बघायला खडू पुरतो: टायरच्या रुंदीवर एक जाड आडवी रेघ मारा, सरळ २०० मीटर चालवा आणि बघा. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, कडेला पुसली तर कमी.

जोडचाकांच्या आतल्या टायरची हवा कुणी चेक करत नाही कारण हात जात नाही. आतला कमी आणि बाहेरचा जास्त असेल तर सगळं वजन एकट्या बाहेरच्यावर येतं आणि गाडी मागून डुलते. व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन लावून घ्या. जोडीतले दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच घासणीचे हवेत. मध्ये दगड अडकलाय का तेही बघा. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असं कधीच नको.

टायरचं वय साइडवॉलवरच्या चार आकड्यांवरून कळतं, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कॅम्पर महिनोन्महिने उभी असते त्यामुळे नक्षी छान दिसते आणि रबर मात्र वाळलेलं असतं. साइडवॉलवर बारीक भेगा दिसल्या तर तो टायर बदलायचा.

मग हाताने वाचा. तळहात टायरच्या नक्षीवर आडवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितलं तर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलाय. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना टोचत असेल तर टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे लागले तर शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही. ओढण्याची तक्रार असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, ओढ दुसऱ्या बाजूला गेली म्हणजे दोष टायरचाच.

पाण्याच्या जारने टेस्ट

ही युक्ती मला फार उपयोगी पडली. गाडी तोडफोड करण्याआधी वजन हलवून बघता येतं. २० लिटरचे आठ पाण्याचे जार भाड्याने आणा, म्हणजे १६० किलो हातात आले जे कुठेही ठेवता येतात. टाकी रिकामी करा, जार टाकीच्या जागेवर ठेवून ठरलेल्या रस्त्यावर फेरी मारा. मग तेच जार मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवून फेरी. मग सगळे उजवीकडे. जार दोरीने किंवा बेल्टने घट्ट बांधा, सुटा जार ब्रेक मारल्यावर पुढे येतो.

माझ्या गाडीत जार अ‍ॅक्सलच्या पुढे आणल्या आणल्या फरक कळला, ६५ ला स्टेअरिंगमध्ये काहीतरी वजन जाणवायला लागलं, आधी ते हवेत फिरल्यासारखं वाटायचं. भरकटणं पूर्ण गेलं नाही, पण निम्मं तरी गेलं. उरलेल्या निम्म्यासाठी गाडीखाली जायचं हे नक्की झालं.

जार हलवून काहीच फरक पडला नाही तर तेही कामाचं उत्तर आहे, तुमचा दोष यांत्रिक आहे. आणि टाकी अर्धी असतानाच गाडी डुलत असेल, पूर्ण भरलेली किंवा रिकामी असताना नसेल, तर टाकीत पाणी हिंदकळतंय, आत आडवे पडदे नाहीयेत.

गाडीखाली: स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा)

दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, चाकांना ठोकळे. एकजण वर बसून स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहील, चाकं वळतील इतकं नाही, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, हँडब्रेक लावून आणि न्यूट्रलमध्ये. दुसरा खाली बघेल आणि प्रत्येक जॉइंटवर हात ठेवेल. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो. क्रमाने जा: स्टेअरिंग कॉलमचा क्रॉस, स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा हात), ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो तिथे प्ले आहे.

स्टेअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बसतो ते बोल्ट नीट बघा. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर तुम्ही कितीही एंड बदला. बोल्टच्या भोवती लालसर पावडर किंवा घासून चमकलेलं लोखंड दिसलं म्हणजे तिथे हालचाल आहे, आणि आसपास चेसिसला केसासारखी चीर नाही ना तेही कपड्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघा.

आता एक कळकळीची विनंती. स्टेअरिंगचा प्ले काढायला बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळू नका, निदान बाकी सगळे जॉइंट चेक होईपर्यंत नाही. स्क्रू जास्त आवळला की बॉक्स मधल्या जागेवर जड होतो, वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही, आणि तुम्हाला प्रत्येक वेळी हाताने सरळ आणावं लागतं. चालवणाऱ्याला हे भरकटल्यासारखंच वाटतं! माझ्या गाडीत कुणीतरी हा स्क्रू आवळून ठेवला होता, तो मूळ जागेवर आणल्यावर बाकीच्या निम्म्यातला बराच भाग गेला.

पुढचं चाक उचलून

जॅक लावा आणि अ‍ॅक्सलखाली घोडी द्या, नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही. चाकाच्या खाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर-खाली हलवा, किंवा वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खट् असं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. या एका टेस्टने चुकीचा पार्ट बदलायचा खर्च वाचतो.

किंगपिन सैल असणं जसं वाईट तसंच कोरडा पडून घट्ट असणंही. ड्रॅग लिंक सोडवून चाकं हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा, जड पण एकसारखी फिरायला हवीत, मध्येच अडकायला नकोत. ग्रीस मारताना पुढचा अ‍ॅक्सल उचललेला ठेवा, वजन जमिनीवर असताना खालच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत ग्रीस नीट जात नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं.

अ‍ॅक्सल सरळ आहे का? ओळंबा आणि टेप

मागून येणाऱ्याने कधी सांगितलं का की तुमची गाडी तिरकी चालते? मागचा अ‍ॅक्सल थोडा जरी तिरपा बसला तर गाडी खेकड्यासारखी जाते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. मग अलाइनमेंटवाला पुढची चाकं त्याप्रमाणे जुळवून देतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

गवंड्याचा ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यावरून दोन्ही बाजूंना जमिनीवर खूण करा आणि टेपने डावा-उजवा व्हीलबेस मोजा. मग मागच्या पाट्याच्या पुढच्या पिनपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक ४-५ एमएमच्या वर गेला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) बघा. तो तुटला की यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) कितीही आवळलेले असोत, अ‍ॅक्सल हळूहळू पाट्यावर सरकतो. तुटलेला सेंटर बोल्ट वरून दिसत नाही, अंतर मोजल्यावरच कळतो.

पुढच्या चाकांचा टो घरीही बघता येतो. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची खूण, हबच्या उंचीला पुढून मोजा, गाडी ढकलून तीच खूण मागे जाईपर्यंत अर्धा फेरा फिरवा, परत मोजा. फरक म्हणजे टो, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. मात्र जॉइंटमध्ये प्ले असताना टो सेट करणं म्हणजे पैसे वाया घालवणं, प्ले आधी काढा.

पाटे, शॉकअप आणि माझी मोठी चूक

गाडी भरलेली असताना चारही ठिकाणी अ‍ॅक्सल आणि चेसिसमधलं अंतर मोजा. डावं-उजवं वेगळं आलं तर लगेच पाट्याला दोष देऊ नका, काट्यावरचं डावं-उजवं आठवा. माझं डावं २२ एमएमने खाली होतं आणि बॅटऱ्या उजवीकडे नेल्यावर त्यातलं बरंचसं भरून आलं. पाट्यांच्या बाजूने बघा, तुटलेल्या पाट्याची चीर बहुतेक सेंटर बोल्टजवळ किंवा क्लिपजवळ असते. मग शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) आणि पिनच्या बुशमध्ये (आतल्या नळीत) टॉमी घालून रेटा. माझ्या मागच्या डाव्या शॅकलचं बुश लंबगोल झालं होतं, रेटल्यावर टकटक आवाज येत होता, वळणावर अ‍ॅक्सल तेवढा मागे-पुढे होत असणार.

आता पाटा वाढवायची गोष्ट. मागचं खाली बसलंय म्हणून पाटा टाकला, मागचं ६० एमएम वर आलं, दिसायला गाडी छान सरळ झाली. पण पाटा टाकला म्हणून पुढच्या चाकांवर वजन येत नाही, वजन जिथे आहे तिथेच राहतं. वर आणखी एक नुकसान झालं. पुढचा किंगपिन वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो, सायकलचा फोर्क असतो तसा, त्याला कॅस्टर म्हणतात आणि त्यामुळेच हात सैल सोडला की चाकं आपोआप सरळ यायला बघतात. ३.३ मीटरच्या व्हीलबेसवर मागचं ६० एमएम उचललं म्हणजे अख्खी चेसिस एक डिग्री पुढे झुकली आणि कॅस्टरमधला एक डिग्री गेला. मुळात असतो काही डिग्रीच, त्यातला एक जाणं म्हणजे खूप. पुढे वजन नाही आणि कॅस्टरही गेला, म्हणून पाटा टाकल्यावर गाडी जास्त भरकटायला लागली होती. टाकी पुढे आणल्यावर तो पाटा काढून टाकला. काही गाड्यांना खरंच पाटा लागतो, तेव्हा पुढच्या अ‍ॅक्सल आणि पाट्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी घालून कॅस्टर परत आणता येतो, पण ते मोजून, अनुभवी माणसाकडून.

शॉकअपसाठी उभ्या गाडीला दाबून बघणं एवढ्या वजनाच्या गाडीत उपयोगाचं नाही. २० च्या स्पीडने स्पीडब्रेकर ओलांडा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मोजायला सांगा, एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक, दोन-तीन झोके घेतले तर गेले. तेल गळलेलं असेल तर टेस्टचीही गरज नाही. दोन्ही बाजूचे एकदम बदला.

घर चेसिसवर कसं बसवलंय

डुलण्याच्या तक्रारीत हे शेवटी बघतात आणि बऱ्याचदा इथेच सापडतं. ट्रकची चेसिस खड्ड्यात पिळते, ती पिळण्यासाठीच बनवलेली असते. वरचं घर मात्र ताठ खोका. घट्ट वेल्ड करून टाकलं तर एकतर घराला चिरा पडतात नाहीतर चेसिसला, म्हणून सबफ्रेम (चेसिसवर बसणारी, घर धरणारी वेगळी फ्रेम) आणि रबर किंवा स्प्रिंगचे माउंट देतात. ते सैल झाले की वळणावर आधी केबिन वळते आणि घर क्षणभर मागे राहून मग येतं, हा उशीर सीटवर बसून स्पष्ट जाणवतो. प्रत्येक क्लॅम्पवर सबफ्रेम आणि चेसिस दोन्हीवरून जाणारी पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा, ५०० किलोमीटरनंतर बघा. रेघ तुटून बाजूला सरकलेली दिसली तर घर सरकतंय.

टपावरचं वजन पण इथेच मोजा. सोलर पॅनल, टपावरची पेटी, ताडपत्री, पावसाळ्यात ओली झालेली सगळी दोरखंडं. जितकं वर तितकं वाईट, खाली आणता येईल ते आणा. अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) असेल तर त्याची लिंक आणि बुश तपासा.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते

हा वेगळा प्रश्न. आधी बघा की एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम होतोय का, हात न लावता, जवळ नेऊन किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने. जास्त गरम झालेला ब्रेक चिकटतोय, आणि अगदी थंड असलेला लागतच नाहीये. दोन्ही सारखे असतील तर पुढचे पाटे बघा: ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सल पाट्यावर पीळ खातो आणि ड्रॅग लिंक स्टेअरिंगला खेचतो. पाटे ढिले झाले असतील किंवा पुढे पाटा वाढवून ड्रॅग लिंकचा कोन बदलला असेल तर ही तक्रार येते, खड्ड्यातही स्टेअरिंगला झटका बसतो.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग तोच रस्ता, तीच वही. माझ्याकडे क्रम असा झाला: टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे १.३ मीटरवर, आतून दोन आडवे पडदे, बॅटऱ्या उजवीकडे, टायरची हवा वजनाप्रमाणे, बॉक्सचा स्क्रू मूळ जागेवर, शॅकलची चारही बुश नवीन, जादाचा पाटा काढला, सगळ्यात शेवटी टो. परत काट्यावर नेली तर पुढे १४३०, मागे २६९०, डावं-उजवं ८० किलोच्या फरकावर. एक पैशाचाही नवा स्टेअरिंग पार्ट लागला नाही, आधी बदललेले टाय रॉड एंड मुळात चांगलेच होते.

वाऱ्याचं मात्र पूर्ण जात नाही. साताऱ्याहून चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगेतून जाताना एवढ्या मोठ्या सपाट बाजूला वारा ढकलणारच, तिथे मी ४० ने जातो, समोरून किंवा शेजारून मोठी गाडी येताना दिसली की आधीच स्पीड कमी करतो. ढकलल्यावर गाडी एका सावरण्यात सरळ येत असेल तर ती ठीक आहे. दोन-तीनदा सावरावं लागलं तर परत काट्यापासून सुरू करा.

आणि पाट्यांचं कुठलंही काम झालं की ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळून घ्या, गाडी भरलेली आणि चारही चाकं जमिनीवर असताना. नवीन बसवलेले पाटे एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट आपोआप ढिले होतात, तिथूनच सेंटर बोल्ट तुटायला सुरुवात होते. मी तारीख आणि किलोमीटर पेंटने त्या यू बोल्टच्या शेजारी चेसिसवरच लिहून ठेवलेत.